डफड्याचं बिऱ्हाड

मेश्रामभाऊ घरात मोठ्यानं बोलत नसत. त्यांच्या बायकोनं, जनाबाईनं, हे मला सांगितलं तेव्हा मला हसूच आलं. ज्या माणसाचा आवाज ऐकून अर्धं गाव घागरी घेऊन नळाकडे पळायचं, तो माणूस घरी मीठ हवं असलं तर बोटानं दाखवायचा. जनाबाई म्हणाल्या, "मी इचारलं, काहून बोलत नाई जी? तं म्हंते, आवाज पालिकेचा हाये, घरी कायले खर्चू?"

शिवराम मेश्राम आमच्या नगरपालिकेचे मुनादीवाले होते. गावाचं नाव सांगत नाही. बालाघाटकडचं आहे एवढं पुरे, कारण यातले काही लोक अजून काठी टेकत का होईना हिंडताहेत आणि त्यांच्याशी भांडण काढायचं माझं वय राहिलेलं नाही. पालिकेला गावाला जे काही सांगायचं असे ते डफडं वाजवून, चौकाचौकांत उभं राहून सांगणं म्हणजे मुनादी. उद्या नळ बंद. परवा देवीची लस टोचणार, लेकरं घेऊन या. ढोरं मोकाट सोडाल तर कोंडवाड्यात जातील. बाजार या सोमवारी नव्या मैदानात भरेल. पालिकेच्या सभेत काय ठरतं हे गावाला मेश्रामभाऊंच्या तोंडूनच कळायचं, आणि त्यांनी सांगितलं नाही तर ते ठरलंच नाही असं गाव धरून चालायचं.

मी पालिकेच्या मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. शाळेच्या खिडक्या पालिकेच्या आवारात उघडायच्या, त्यामुळे पाढे घेता घेता पालिकेचा कारभार मला फुकटात पाहायला मिळे. आवारातल्या कडुनिंबाखाली मेश्रामभाऊ बसलेले असत. वैशाखातही अंगात खाकी कोट, त्यावर घासून लख्ख केलेला पितळी बिल्ला, गालात ज्येष्ठमधाची काडी. कोट काढा म्हटलं तर म्हणत, "कोट काढला तं मी शिवराम. मंग शिवरामचं कोन आयकते?"

आवाजाबद्दल त्यांना भारीच अभिमान होता. थंड पाणी पीत नसत, लिंबाचं लोणचं खात नसत, सर्दी झालेला माणूस दिसला की रस्ता बदलत. मुनादीआधी वाळका पाला पेटवून डफडं शेकायचे, बोटानं टिचकी मारून बघायचे, कातडं ताणलं की मग वाजवायचे. लोक दारात आले की डफडं थांबवून डोळे घट्ट मिटायचे आणि मान वर करून सुरू व्हायचे. डोळे का मिटता, म्हणून मी एकदा विचारलं.

"डोये उघडे ठेवले तं लोकाइचे तोंडं दिसते, बाई. कोन चिडला, कोन हासून राह्यला, तेच पाहत बसतो मानूस. सांगाचं राहून जाते."

विदर्भ तिकडच्या राज्यात गेला आणि आम्ही इकडे हिंदी राज्यातच राहिलो, तेव्हापासून पालिकेची सूचना फक्त हिंदीत निघू लागली. मेश्रामभाऊ आधी ती हिंदीत म्हणत, शब्द न शब्द. मग मराठी वस्ती असली की दम घेऊन, "आता आपल्या बोलीत आयका," म्हणून पुन्हा सांगत. ही मराठी मुनादी हिंदीच्या दुप्पट लांब असायची, कारण तीत त्यांच्या पदरचा सल्ला मिसळलेला असे. "उद्या नळाले पानी येनार नाई. घागरी, गुंड आजच भरून ठेवा. झाकून ठेवा, लेकरं हात घालते. म्हाताऱ्या मानसाच्या घरी कोनी नसंल तं शेजाऱ्यानं भरून द्या." पालिकेचे बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, चिडायचे. मराठीत बोलण्याचा आदेश नाही, म्हणायचे. मेश्रामभाऊ "हौ साहेब" म्हणायचे आणि पुढच्या चौकात तेच करायचे.

मुनादी होण्याआधी मात्र तोंडातून अक्षर काढायचे नाहीत. सूचनेचा कागद कोटाच्या खिशात असायचा, मी विचारायची, "भाऊ, उद्या पाणी आहे ना?" उत्तर ठरलेलं, "मुनादी होऊ द्या, बाई." एकदा तर जनाबाईंच्याच घरात प्यायला थेंब नव्हता. त्यांची वस्ती फेरीत शेवटची, आणि भाऊ तिथं पोचले तेव्हा त्या बाजाराला गेलेल्या. सकाळी निघताना सांगायला काय झालं होतं, म्हणून त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. भाऊंना त्याचा काही त्रास झाला नसावा, घरात ते बोलतच नव्हते.

हे सगळं हसण्यावारी नेता येण्यासारखं. डफड्याचं तसं नव्हतं.

डफडं पालिकेच्या मालकीचं, पण ते पालिकेत ठेवायची सोय नव्हती. फायलींच्या खोलीत चामड्याची वस्तू नको, तीही मेश्रामच्या हातची, असं कुणी तरी मेश्रामभाऊंच्या आधी, त्यांच्या वडिलांच्या वेळी म्हटलं आणि तो नियम होऊन बसला. म्हणून डफडं मेश्रामांच्या घरी, चुलीच्या वरच्या खुंटीला. वडिलांच्या वेळी यात कुणाला वावगं वाटलं नाही. पण छप्पन साली त्यांच्या वस्तीतली माणसं नागपूरला जाऊन बौद्ध झाली आणि परत आल्यावर वस्तीनं ठरवलं, मेलेलं ढोर ओढायचं नाही, कुणाच्या दारात वाजवायचं नाही, जी कामं आपल्या माथी मारली ती सोडायची. घराघरातली डफडी गेली. एक राहिलं, कारण ते सरकारी होतं.

"मीबी गेलतो नागपूरले," भाऊ मला म्हणाले होते. "डफडं खुटीलेच ठेवून गेलतो. परत आलो तं ते तिथंच होतं."

त्यांनी काम बदलून मागितलं होतं. चपराशाची जागा रिकामी नाही, असं उत्तर आलं. रिकामी होती ती एकच, मेलेली जनावरं उचलणाऱ्या गाडीवरची. नोकरी सोडावी तर शेत नाही, घरात म्हातारी आई, आणि शिकणारी मुलगी. वस्तीनं त्यांना वाळीत वगैरे टाकलं नाही. पण विहारात सभा असली की भाऊ मागच्या भिंतीशी बसत, आणि ज्याचा आवाज गावात सगळ्यात मोठा त्याला तिथं कुणी बोलायला सांगत नसे.

मुलगी शशिकला माझी विद्यार्थिनी. मॅट्रिकपर्यंत शिकली. तिला तिरोड्याकडचं स्थळ आलं, मुलगा रेल्वेत, मुलाचे वडील त्यांच्या भागातले समाजाचे पुढारी. नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं बघायला आले. चहा झाला, मुलगी पसंत पडली, आणि उठता उठता मुलाच्या वडिलांची नजर चुलीवरच्या खुंटीकडे गेली. मी तिथं होते, जनाबाईंनी मला मुद्दाम बोलावलं होतं. ते गृहस्थ रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, भाऊंना रागाची सवय होती. ते हळू म्हणाले, "मेश्रामजी, आमी गावोगाव हेच सांगत फिरतो, का हे सोडा. आन् माह्याच घरी सून अशा घरची आनू? लोकाइले काय तोंड दाखवू?"

भाऊ म्हणाले, "सरकारी हाये जी."

"खुटी तं तुमची हाये ना."

भाऊंनी शब्द दिला. जिथं डफडं राहील तिथं लेक राहणार नाही, येणार नाही. लग्नाआधी डफडं घराबाहेर जाईल.

मग त्या डफड्याचं बिऱ्हाड गावभर हिंडू लागलं. भाऊ आधी बडेबाबूंकडे गेले, तिथं नियम दाखवण्यात आला. जकात नाक्यावर गेले तर नाकेदार म्हणाला, नाक्याच्या आत माल ठेवायचा तर पावती फाडावी लागेल, आणि डफडं कोणत्या मालात मोडतं ते त्याला ठाऊक नाही. आग विझवायच्या गाडीच्या शेडमध्ये ठेवलं, तर ड्रायव्हर म्हणाला, ही जागा फक्त गाडीच्या सामानाची. गाडी वर्षभर बंद होती ती गोष्ट वेगळी. शेवटी भाऊंनी ते आवारातल्या कडुनिंबालाच टांगलं, वर पोत्याचा तुकडा घातला. माझ्या वर्गाच्या खिडकीतून ते दिसायचं आणि पोरं पाढे सोडून तिकडेच बघायची.

मार्गशीर्षातलं दव पोत्याला कुठलं आवरतंय. त्यात एका कुत्र्यानं कड कुरतडली. पाण्याची टाकी धुवायची म्हणून मुनादी निघाली त्या दिवशी भाऊंनी पाला पेटवला, डफडं शेकलं, पुन्हा शेकलं, वाजवलं तर फक्त धप्प असा आवाज. कुणी तरी गादी झोडपतंय असं वाटून लोक घरातच राहिले. भाऊ प्रत्येक चौकात डोळे मिटून सगळं म्हणाले, हिंदीत आणि मराठीत. डोळे मिटलेले असल्यामुळे समोर कुणी नाही हे त्यांना कळलं नाही. दुसऱ्या दिवशी गाव कोरडं. अध्यक्षांकडे त्याच दिवशी व्याही आले होते, आणि व्याह्यांच्या अंगाला साबण लागलेला असताना बादली संपली.

भाऊंना पालिकेच्या मुख्याधिकारी साहेबांसमोर उभं केलं. साहेब तोंडी म्हणाले ते मी खिडकीतून ऐकलं. "ढोल तुम्हारी जिम्मेदारी है. सूखी जगह में, तुम्हारी नज़र के सामने रहना चाहिए. कहाँ, वो तुम जानो."

नजरेसमोर हवं आणि घरात नको. मला वाटलं, आता लग्न मोडणार. संध्याकाळी मी जनाबाईंकडे गेले तर त्या एका जुन्या चादरीत भाऊंचे कपडे बांधत होत्या. मी घाबरले. भाऊ पाटावर बसून जेवत होते. बोलायची वेळ आली म्हणून त्यांनी घास खाली ठेवला.

"डफडं मले सोडत नाई, बाई. मंग मीच जातो त्याच्यासंगं. टाकीपाशी चौकीदाराची जुनी खोली हाये, पडकी. साहेबानं हौ म्हन्लं. जेवाले येत जाईन."

त्याच दिवशी ते डफडं गळ्यात घालून निघाले. घर डफड्याचं नाही हे दाखवायला घरधन्यानं घर सोडलं, हे मी तेव्हा पाहिलं आणि आजही आठवलं की राग येतो. तो नेमका कुणावर काढावा हे मला कळत नाही. बडेबाबूंवर काढते झालं, ते सोयीचं आहे.

लग्न माघात झालं. आदल्या दिवशी भाऊ शाळेत आले, खिडकीबाहेर उभे राहिले. खोलीला कडी नव्हती, कुत्र्याचा अनुभव ताजा होता, डफडं एकटं सोडवत नव्हतं.

"बाई, उद्या कार्य होयेपर्यंत तुमी बसता का त्याच्यापाशी? दुसऱ्या कोनाले सांगू तं एवढा वेळ कोनी बसनार नाई."

शशिकलेचं लग्न बघायला मी नवं लुगडं घेतलं होतं. ते नेसून मी टाकीजवळच्या त्या खोलीत सकाळपासून डफड्यासमोर बसले. वस्तीकडून गर्दीचा, भांड्यांचा, मग एकदम सगळ्यांनी मिळून म्हटलेल्या वंदनेचा आवाज आला. त्यात भाऊंचा आवाज ओळखू येतो का म्हणून मी कान दिला. आला नाही. पोरीच्या लग्नातही बहुधा बोटानंच दाखवत असावेत. दुपारी त्यांनी स्वतः माझ्यासाठी जेवणाचं ताट आणलं आणि म्हणाले, "झालं. गेली," आणि कोट काढून खुंटीला लावला. कोटाशिवाय त्यांना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. खांदे अगदी लहान होते.

शशिकला माहेरी यायची तेव्हा भाऊ घरी जायचे, डफडं ओळखीच्या एका पानवाल्याच्या नजरेखाली ठेवून, त्याला जमेल तेवढाच वेळ. जेवायचे, नातवाला मांडीवर घ्यायचे, आणि पुन्हा टाकीकडे. लोकांना हळूहळू त्याची सवय झाली. नव्या लोकांना तर वाटे, मुनादीवाल्याला पालिकेनं राहायला खोली दिलेली आहे.

मग लाउडस्पीकर आला. सायकलरिक्षावर कर्णा, खाली बॅटरी, आणि बोलायला शुद्ध हिंदीतला एक तरुण. तो आधी सिनेमातलं गाणं लावायचा आणि मग सूचना इतक्या भराभरा म्हणायचा की लोक गाणंच लक्षात ठेवायचे. मराठीत सांगणं बंद झालं. आमची शाळाही तोवर हिंदी झाली होती, म्हणून मला त्याचं नवल वाटलं नाही, वाईट वाटलं. पण मनात म्हटलं, सुटले मेश्रामभाऊ. आता डफडं कशाला लागतंय.

मी त्यांना तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "लागत नाई, बाई. पन घेत बी नाई कोनी."

आणि ते खरं होतं. पालिकेची वस्तू ज्याच्या ताब्यात, त्यानं ती दुसऱ्याच्या ताब्यात दिल्याशिवाय त्याची सुटका नाही. भांडारवाल्यानं चामडं भांडारात घ्यायला नकार दिला. लाउडस्पीकरवाला म्हणाला, माझ्याकडे यंत्र आहे, ढोल नाही. मोडीत काढायचं तर सभेचा ठराव हवा. ठराव सभेपुढे आला, पण त्या दिवशी नाल्यांवरून भांडण पेटलं आणि वेळ संपली. पुढच्या सभेत बाजाराच्या ओट्यांवरून पेटलं. त्याच्या पुढच्या सभेला मंडळी आलीच नाहीत. भाऊंना मी म्हटलं, टाका नदीत. वैनगंगा काही ठराव मागत नाही.

"माह्या बापानं सांभाळलं. शिव्या देत सांभाळलं, पन सांभाळलं. चोरावानी नाई टाकनार. त्याइनं घ्यावं. माह्या हातातून घ्यावं."

आता मला वाटतं, इतकी वर्षं त्यांचं मागणं एवढंच होतं. ती वस्तू पालिकेची होती हे पालिकेनं एकदा हात पुढे करून कबूल करावं. ते निवृत्त झाले तरी ते झालं नाही. निवृत्तीच्या दिवशी हार घातला, पेढा दिला, बिल्ला परत घेतला. डफड्यासाठी हात पुढे केला नाही.

त्यानंतर काही दिवसांनी मी गाव सोडलं, भंडाऱ्याला भावाकडे कायमची निघाले. निघायच्या आधी निरोप घ्यायला टाकीकडे गेले, भाऊ अजून त्याच खोलीत राहत होते. हिवाळ्यातली सकाळ होती. लांबूनच भाऊ दिसले, कुंपणाच्या तारेपाशी उन्हात उभे, बिल्ल्याची जागा रिकामी असलेला तो कोट, आणि डफडं दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं. मला वाटलं, लाउडस्पीकरची बॅटरी उतरली असणार आणि पालिकेला पुन्हा म्हाताऱ्याची आठवण झाली.

जवळ गेले तर खोलीच्या आत शशिकला. धाकटं लेकरू मांडीवर, समोर चुलीवर चहा. मला बघून तिनं डोळे पुसले, धुराचं निमित्त होतं.

"बाई, तुमीच सांगा याइले. मी आली तं डफडं घेऊन बाहीर जाऊन उभे राह्यले. मामाजी जाऊन दोन साल झाले. आमच्या घरी आता कोनी काई म्हनत नाई. मले त्या डफड्याचं काई नाई वाटत. मले बापापाशी बसाचं हाये."

मी कुंपणाकडे वळून म्हटलं, "भाऊ, ऐकलंत ना? आत या. शब्द ज्या व्याह्यांना दिला ते गेले."

"ते गेले, बाई. शबुद मी देल्ला होता. मी तं हावो ना."

"मग डफडं तारेला अडकवा आणि या."

त्यांनी तारेकडे पाहिलं, तिच्यापलीकडे उन्हात लोळत पडलेल्या दोन कुत्र्यांकडे पाहिलं, आणि मान हलवली. मी धरते म्हणून हात पुढे केले. ते हसले. म्हणाले, "तुमी एक डाव बसल्या, लय झालं. हे घेनारे हात तुमचे नाई."

शशिकलेनं चहा गाळला. मला दिला, वडिलांचा कप घेऊन उठायला गेली, तर लेकरू रडायला लागलं. तेव्हा मी एक गोष्ट ऐकली जी जनाबाईंनीही कधी ऐकली नसेल. कुंपणापासून खोलीपर्यंत बरंच अंतर होतं आणि मध्ये टाकीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज. भाऊंनी डोळे मिटले, मान वर केली, आणि चौकात लावायचे तसा आवाज लावला.

"शशे, उठू नको. लेकराले घे. चहा राहू दे, थंडा होऊ दे, मी थंडाच पेतो. तू बस. मी हाये इथंच."